चालता चालता वाचायचं अक्षर

नाकावर रुमाल धरा. रुमाल नसेल तर बाही चालेल, पण धरा. आज सोमवार आहे आणि लंडनमध्ये सोमवार हा गुरांच्या बाजाराचा दिवस. तुम्ही ऑल्डर्सगेट स्ट्रीटवर उभे आहात, साल १८२६, ऑक्टोबर महिना. सकाळ झालीय, पण उजेड अजून रस्त्यापर्यंत उतरलेला नाही. हजारो चुलींतल्या कोळशाचा धूर छपरांवर टेकून बसलाय आणि तोच आधी खाली येतोय. तुमची कॉलर एव्हाना काळी झालेली आहे. ती झटकू नका, आणखी पसरेल.

समोरून बैल येताहेत. दहावीस नव्हेत, रस्ता भरून येताहेत. स्मिथफिल्डचा बाजार इथून हाकेच्या अंतरावर आहे. पहाटे विकलेली जनावरं आता खाटकांकडे निघालीत. हाकणारे काठ्या आपटतात, कुत्री पायांत शिरतात, एक बैल बिथरून दुकानाच्या दारात घुसतो आणि आतून किंकाळी येते. ओल्या कातड्याचा, शेणाचा, घाबरलेल्या जनावराच्या घामाचा वाफाळता लोंढा तुमच्यावर येतोय. भिंतीला पाठ लावा. अजून आत. पोट आत घ्या!

गेले. आता पाठ सोडवून घ्या, कारण ती चिकटलीय. भिंत ओली आहे. पिठाच्या खळीचा आंबूस वास येतोय ना? रात्रीच कुणीतरी इथे कागद डकवून गेलाय आणि त्याखाली कालचा कागद आहे, त्याखाली परवाचा. बोटाने दाबून बघा, भिंत मऊ लागते. वळा आणि बघा. काय दिसतं? नुसता काळा रंग. नाकासमोर शाईचा एक भलामोठा ठिपका आणि त्याच्या बाजूला केसाएवढी एक रेघ.

दोन पावलं मागे या. आणखी दोन. मागच्या हातगाडीवाल्याने शिवी दिली तर देऊ द्या. आता तो काळा ठिपका अक्षर झाला.

हा इंग्रजी कॅपिटल ‘ए’ आहे, जवळजवळ वीतभर उंच. त्याचा डावा पाय इतका बारीक की दिसतो न दिसतो, आणि उजवा पाय इतका रुंद की त्यावर तळहात सहज मावेल. खाली, जिथे अक्षर जमिनीवर टेकतं, तिथे दोन्हीकडे सुईसारख्या सरळ आडव्या रेघा आहेत. यांना सेरिफ म्हणतात. आखाड्यातल्या पैलवानाने पायात नाजूक पैंजण घालावेत आणि ते त्याला शोभूनही दिसावेत, तसं हे अक्षर उभं आहे. अडीच भाग उंची असेल तर एक भाग नुसती जाडी. पुस्तकातल्या कुठल्याही अक्षराचं अंग इतकं भरलेलं नसतं. शेजारच्या ‘आर’कडे बघा, त्याचा पाय कसा लाडात वळून वर आलाय. ‘सी’च्या टोकाला काळा टपोरा थेंब लोंबतोय. आणि तो तीनचा आकडा! पोट सुटलेलं, दोन्ही टोकांना गोल गोंडे, अक्षरांपेक्षाही थाटात. या घराण्याला छापखान्यात फॅट फेस म्हणतात, आणि त्याचे आकडे हा त्यातला सगळ्यात देखणा भाग, असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही शाळेत बोरूने कित्ता गिरवला असेल तर हात शिवशिवेल. बोरू तिरपा कापला की एका दिशेला जाड, दुसऱ्या दिशेला बारीक रेघ आपोआप येते. जगातल्या बहुतेक देखण्या लिप्यांचं मर्म तिथे आहे. इथेही तेच जाड-बारीक आहे, पण ही जाडी कुठल्याच बोरूतून उतरणारी नाही. इथे लेखणीची फक्त आठवण उरली आहे. हाताचं काम संपून पोलादाचं सुरू झालंय.

आता ते वाचा. वाचायचं नाही म्हटलं तरी तुम्ही वाचणारच. तीस हजार पौंड! सरकारी लॉटरीची शेवटची सोडत परवा, बुधवारी, १८ तारखेला. त्यानंतर लॉटरी बंद, कायमची. अख्खं तिकीट परवडत नसेल तर अर्धं घ्या, पाव घ्या, सोळावा हिस्सा घ्या. कॉर्नहिलवर टॉमस बिश यांच्या कचेरीत चला, आज, आत्ता. मजकूर आरडाओरडा करतोय आणि अक्षरं त्याला आवाज पुरवताहेत.

तुमच्या कोपराशी एक निरोप्या पोरगा उभा आहे, बारा वर्षांचा असेल. शेजारी मासळीची टोपली डोक्यावर घेतलेली बाई आहे. पोरगा एकेक अक्षर बोटाने टिपत मोठ्याने लावतोय आणि बाई ऐकतेय. मधेच ती त्याला थांबवते आणि तीनच्या आकड्यावर बोट ठेवून पुढची शून्यं स्वतः मोजते. चार! तिला अक्षर येत नाही, पण आकडा कळला. टोपलीतलं पाणी ओघळून तुमच्या बुटावर पडतंय. सरकू नका, हे बघण्यासारखं आहे. कॉफीच्या दुकानात ठेवलेलं वर्तमानपत्र या दोघांच्या कामाचं नाही. त्यावर सरकारी कराचा छाप असतो म्हणून ते महाग, आणि महागाच्या कागदावर जास्तीत जास्त मजकूर कोंबायचा म्हणून अक्षर मुंगीएवढं, रकान्यामागून रकाने. ते वाचायला खुर्ची लागते, मेणबत्ती लागते, रिकामा तास लागतो. भिंत फुकट आहे. भिंतीवरचं अक्षर तुम्हाला बसा म्हणत नाही. ते तुमच्या चालण्याच्या वेगाने येतं, आणि ओझं घेतलेल्या माणसालाही वाचता येतं. आयुष्यात आधी कधी एवढ्या आकाराचं छापील अक्षर या बाईसाठी कुणी केलं होतं?

बाजूला व्हा! गाडी येतेय. घोड्याच्या गाडीवर लाकडाचा उंच मनोरा उभारलाय, त्याला सगळ्या बाजूंनी लॉटरीचे कागद चिकटवलेत. मागून खांद्यावर फलकांचे दांडे घेतलेली माणसं रांगेने चालताहेत. कर्णा वाजतोय, पोरं मागे धावताहेत. भिंती पुरेनात म्हणून भिंती चालायला लागल्यात, दुसरं काय!

चला, फॅन स्ट्रीटमध्ये शिरा. ही बारीक गल्ली ऑल्डर्सगेटलाच फुटते. धुराचा वास इथे बदलतो. कोळशाच्या करपट वासात एक धातूचा, जिभेच्या मुळाशी आंबट लागणारा वास मिसळतो. तुम्ही अक्षरांच्या ओतशाळेच्या दारात आहात.

आत पाऊल टाकताच गरम हवेचा फटका बसेल. भट्ट्यांच्या तोंडाशी माणसं उभी आहेत, बाह्या वर, कपाळावर घाम आणि काजळी. प्रत्येकाच्या डाव्या हातात लाकडात बसवलेला छोटा लोखंडी साचा, उजव्या हातात पळी. पातेल्यात शिसं, अँटिमनी आणि थोडं कथील यांचा रस हलतोय, चांदीसारखा. या माणसाकडे नीट बघा. पळीभर रस साच्याच्या तोंडात ओततो आणि त्याच क्षणी साचा झटक्याने वर उसळवतो, इतका जोरात की त्याचा खांदा हलतो. ही उसळी कशासाठी? रस साच्याच्या तळापर्यंत, प्रत्येक कोपऱ्यात पोचावा म्हणून. त्या ‘ए’चा डावा पाय आठवतो ना, केसाएवढा? तशा बारीक रेघा या उसळीत जन्मतात. झटका कमी पडला तर रेघ अर्धवट येते आणि खिळा, म्हणजे छपाईचं ओतीव अक्षर, पुन्हा पातेल्यात जातो. साचा उघडला, खिळा टेबलावर पडला, साचा बंद, पळी, ओत, उसळी. दिवसभर हेच, हजारो वेळा. खिळ्याच्या बुडाला राहिलेली धातूची शेपटी एक पोरगा बोटांनी मोडतोय, दुसरा दगडावर खिळ्याच्या बाजू घासतोय. घासण्याचा तो करकर आवाज दातांत शिरतो. त्या पोरांच्या बोटांची टोकं राखाडी झालीत, आणि तीच बोटं दुपारी भाकरीच्या तुकड्याला लागणार आहेत. इथे फार वेळ श्वास खोल घेऊ नका.

आतल्या खोलीत जरा शांतता आहे. खिडकीशी एक म्हातारा कारागीर पोलादी ठसा कानशीने घासतोय. अक्षर उलटं कोरायचं, आरशातल्यासारखं. अधूनमधून तो ठसा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरतो, काजळी धरली की कागदावर हलकेच दाबतो आणि उमटलेल्या काळ्या अक्षराकडे डोळे बारीक करून बघतो. मग एक घास आणखी. ठसा पुरा झाला की कडक करून तांब्यात ठोकायचा, तांब्यातला तो खळगा हातातल्या साच्याच्या तळाशी बसवायचा, आणि त्यात रस ओतला की खिळा. जाड अक्षर कोरणं सोपं वाटेल तुम्हाला, कारण पोलाद काढायचंच कमी. त्या म्हाताऱ्याला विचारू नका, रागावेल. ‘ए’च्या पोटात उरलेली ती चिंचोळी पांढरी फट, ‘ई’च्या दातांमधली पोकळी: काळ्याच्या एवढ्या गर्दीत पांढऱ्याला श्वास घेता आला नाही तर अक्षर आंधळं होतं. फॅट फेसचा सगळा कस त्या उरलेल्या पांढऱ्यात आहे.

ही ओतशाळा रॉबर्ट थॉर्न यांची. इतकी जाड अक्षरं प्रचारात आणण्याचं श्रेय, किंवा ठपका, मुख्यतः त्यांच्याकडे जातो. ते १८२० मध्ये गेले आणि ओतशाळा लिलावात विल्यम थॉरोगुड यांनी घेतली. थॉरोगुड या धंद्यातले नव्हते; लॉटरी लागली, त्या पैशातून त्यांनी ही भट्टी विकत घेतली असं सांगतात. म्हणजे लॉटरीच्या पैशातून अक्षरं ओतायची आणि त्या अक्षरांतून लॉटरी विकायची! शहर लहान असतं ते असं.

ठपका म्हणालो, कारण ग्रंथ छापणारी मंडळी या अक्षरावर चिडलेली आहेत. मुद्रक टॉमस कर्सन हॅन्सार्ड यांनी गेल्याच वर्षी छपाईवर जाडजूड ग्रंथ काढला, त्यात या लठ्ठ अक्षरांवर त्यांनी नाराजी लिहून ठेवलीय. मला त्यांचं म्हणणं कळतं. पुस्तकाच्या पानावर हे अक्षर बसवलं तर दहा ओळींत डोळे थकतील. पण पुस्तकासाठी ते केलेलंच नाही. रस्त्यावर बैल, गाड्या, धूर, धुकं आणि धक्के आहेत. तिथे नाजूक शहाणं अक्षर बिचारं दिसणारसुद्धा नाही. हॅन्सार्ड घरात बसून रस्त्याचा न्याय करत होते, असं मला वाटतं.

भूक लागली असेल तर कोपऱ्यावरून काहीतरी घ्या आणि खात खातच चला, आपल्याला छापखाना गाठायचाय. फ्लीट स्ट्रीटच्या मागे, अंधारा जिना, वरचा मजला. जिन्यातच वास ओळखा: जवसाच्या तेलाची आटवलेली शाई, क्षाराच्या पाण्याने धुतलेले खिळे, ओला कागद. आणि हा गोडसर वास कशाचा? काकवीचा! चकित होऊ नका. शाई लावायचा रूळ सरस आणि काकवी एकत्र शिजवून ओततात. पूर्वी इथे चामड्याचे, लोकर भरलेले गोळे होते आणि कातडं मऊ राहावं म्हणून ते रात्रभर मुतात भिजवून ठेवत. जुन्या छापणाऱ्याला तो वास अजून आठवतो. काकवीबद्दल तो मनापासून कृतज्ञ आहे.

खिळे जुळवणारा जुळारी छापायच्या मजकुराची चौकट, म्हणजे फर्मा, बांधतोय. बारीक खिळे तो चिमटीने उचलतो, पण जाहिरातीची ही अक्षरं एकेक मुठीत धरावी लागतात. एक ‘एम’ हातात घेऊन बघा. मनगट खाली गेलं ना? अशा ठोकळ्यांनी भरलेला फर्मा दोघांनी मिळून दगडावरून उचलावा लागतो. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये डेरियस वेल्स नावाचा गृहस्थ यंत्राने लाकडाची मोठी अक्षरं कापू लागेल आणि जुळाऱ्यांची मनगटं वाचतील. आज मात्र सांभाळा, पायावर पडलं तर बोट जाईल.

खोलीच्या मधोमध कोलंबियन प्रेस उभं आहे, काळं लोखंड, आणि त्याच्या माथ्यावर पंख पसरलेला लोखंडी गरुड. एक जण रुळाने शाई देतो. दुसरा ओला कागद ठेवतो, पाटा आत सरकवतो, दांडा धरून अंगाचा सगळा भार मागे टाकतो. गरुड वर उठतो! दांडा सोडला की गरुड खाली. प्रत्येक कागदामागे तो एकदा उडतो, आणि जमीन थरथरते ती तुमच्या पोटरीत जाणवते. कागद सोलताना चर्र असा आवाज येतो, कारण एवढ्या काळ्या पृष्ठावर शाई कागदाला सोडायला तयार नसते. छापणारा कागद उजेडात धरून बघतोय. शाई कमी पडली तर काळा राखाडी होतो, चट्टे पडतात. जास्त झाली तर त्या पांढऱ्या फटी बुजतात आणि ‘ई’ आंधळा. पैलवान आणि पैंजण, दोघांना एकाच शाईने खूश ठेवायचं. दोरीवर वाळत घातलेल्या कागदांखालून वाकून जा. डोक्याला लागलं? ती लाल शाई आहे. लॉटरीवाल्यांना लाल हवं असतं, निळंही.

बरं, इतका वेळ मी तुम्हाला साधं फॅट फेस दाखवलं. आता ग्रेट वाइल्ड स्ट्रीटला चला, लुई जॉन पुशे यांच्याकडे. इथे माझा पाय नेहमी रेंगाळतो. खोलीत लाकडाचा भुसा आणि तेलाचा वास आहे, कोरणारा कारागीर बॉक्सवुडच्या आडव्या छेदावर, जिथे लाकूड दगडासारखं टणक असतं, बारीक टोकाने काम करतोय. त्याच्या खांद्यावरून बघा. अक्षराचा तो जाड पाय आठवतो, ज्यावर तळहात मावत होता? तिथे त्याने बाग फुलवलीय. द्राक्षांचे घोस, पानं, फुलं. पलीकडच्या अक्षरात गोठ्यातली जनावरं चरताहेत, त्याच्यापुढच्यात वाद्यं आहेत, आणखी एकात फ्रीमेसन लोकांची चिन्हं. जाडी ही नुसती ओरडण्यासाठी नव्हती, हे इथे कळतं. अक्षराला अंग आलं म्हणून त्यावर दागिना घालायला जागा झाली. बारीक अक्षरावर द्राक्षाचा एक मणीही बसला नसता. फळवाल्याच्या जाहिरातीला फळांचं अक्षर, गवयाच्या मैफलीला वाद्यांचं. या लाकडी ठोकळ्यांना हात लावू नका, अशी तेवीस वर्णमालांची कामं पुढे तुमच्या काळापर्यंत टिकणार आहेत आणि लंडनच्या सेंट ब्राइड ग्रंथालयात जपली जाणार आहेत. आणि हो, या घराण्यातलं अक्षर तुमच्या घरातही असेल. मॅथ्यू कार्टर यांनी १९९२ मध्ये ‘एलिफंट’ काढलं ते याच चालीचं. मासिकाच्या नावात, परफ्युमच्या खोक्यावर, लग्नपत्रिकेतल्या वधूवरांच्या इंग्रजी आद्याक्षरांत असंच जाड-बारीक वळण दिसलं तर ओळख द्या.

अंधार पडायच्या आत सेव्हन डायल्सवरून जाऊ. खिसा धरून चला. जेम्स कॅटनॅक यांच्या छापखान्यात खुनाच्या बातम्या आणि गाणी छापून एका पेनीला विकतात. अक्षरं जुनी, घासलेली, वेगवेगळ्या ओतशाळांतून गोळा केलेली, पण मथळा जाड हवाच. दारातून व्हिनेगरचा झणझणीत वास येतोय ना? गल्लीबोळातून आलेली तांब्याची नाणी इतकी मळकट असतात की रोगराईच्या भीतीने ते ती पोटॅश आणि व्हिनेगरमध्ये उकळतात, आणि कामगारांना पगारही त्याच तांब्यात देतात. शनिवारी रात्री माणसं पगाराच्या ओझ्याने वाकून घरी जातात.

आपण पुन्हा ऑल्डर्सगेट स्ट्रीटवर आलोय आणि दिवे लागले. मोठ्या रस्त्यावर गॅसचे, गल्लीत तेलाचे. धुकं इतकं दाटलंय की समोरच्या दुकानाची पाटी गेली, पण तिच्या खालचा तीनचा आकडा अजून दिसतोय. आता त्या माणसाला गाठा, ज्याच्या गळ्यात कागदांची झोळी, हातात खळीची बादली आणि खांद्यावर लांब काठी आहे. काठीच्या टोकाला आडवा दांडा. त्यावर कागद लटकवून तो दोन माणसांच्या उंचीवर भिंतीला भिडवतो आणि ओल्या ब्रशाचा एकच फटकारा मारतो. खळीचे शिंतोडे तुमच्या तोंडावर उडाले. पुसा. मघाशी ज्या ‘ए’पाशी आपण उभे होतो, तो आता अर्धा झाकला गेलाय.

त्याला विचारा, बुधवारनंतर लॉटरी बंद, मग काय चिकटवणार? तो तुमच्याकडे असा बघतो, जणू तुम्ही विचारलंत की उद्या धूर येईल का. झोळीत हात घालून तो एकेक कागद दाखवतो. ॲस्टलीच्या रंगशाळेतले घोडे. ड्रुरी लेनचं नाटक. पोटदुखीच्या गोळ्या. ब्रिस्टलला जाणारी घोडागाडी. हरवलेला कुत्रा, इनाम एक गिनी. प्रत्येकावर तेच भरल्या अंगाचं अक्षर, प्रत्येकावर वेगळ्या कामाला लागलेलं. कुत्र्याच्या कागदावरचा एकचा आकडा तर बघतच राहावा असा.

तेवढ्यात कोपऱ्यावरून दुसरा काठीवाला येतो. त्याच्याही बादलीत खळ आहे आणि त्याची नजर याच भिंतीवर आहे. आपला माणूस शिवी हासडतो, काठी उचलतो आणि बादली तुमच्या हातात कोंबतो. पलीकडच्या गल्लीत नवं कुंपण घातलंय, लाकूड कोरं आहे, अजून कुणाचा कागद लागलेला नाही. पळा, आणि खळ सांडू देऊ नका!